अंगाला येणारा वास

हिवतापावर, हगवणीवर आपण मोकळेपणाने बोलतो. पण एखाद्याच्या अंगाला वास येतो हे बोलायची वेळ आली, की एक तर गप्प बसतो, नाही तर पाठीमागे नाक मुरडतो. हे नाक मुरडणे फार सोसावे लागते ते शाळेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना. म्हणून आजचे बोलणे घरच्या मंडळींइतकेच गुरुजींसाठी आणि बाईंसाठीही आहे.

घामाला वास असतो, असे आपण धरून चालतो. तसे नाही. आपल्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत. त्यांतून खारे पाणी पाझरते आणि अंग थंड होते. औत हाकणाऱ्याच्या पाठीवरून ओघळतो तो हा घाम. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात. त्यांचा घाम थोडा, पण दाटसर. कातडीवर नेहमीच राहणारे बारीक जंतू त्यातली द्रव्ये खातात, आणि त्यातून जे तयार होते त्याचा वास येतो. धारोष्ण दुधाला कुठे आंबूस वास असतो? जंतूंचे काम झाले म्हणजे येतो. तसेच हे.

या दुसऱ्या ग्रंथी लहानपणी झोपलेल्या असतात आणि मूल वयात येऊ लागले की जाग्या होतात. म्हणून चौथीपर्यंत ज्या मुलाला कधी वास आला नाही, त्याला सातवीत एकाएकी येऊ लागतो. तो आळशी झाला नाही की घाणेरडा झाला नाही. त्याचे शरीर वाढते आहे, इतकेच. बिचाऱ्याला स्वतःला ते कळतही नाही. जो वास सतत सोबत असतो, त्याची नाक लवकरच दखल घेईनासे होते. गोठ्याचा वास पाहुण्याला येतो, धन्याला नाही!

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. 'यांच्या अंगालाच वास येतो' असे म्हणत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींना दूर बसवले. चामडे कमावण्याची, मैला वाहण्याची कामे त्यांच्यावर लादली आणि वर वासाचा दोषही त्यांनाच दिला. या ग्रंथी आणि हे जंतू जात विचारून येत नाहीत. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता मोडीत काढली. वासाचे निमित्त करून ती वर्गात मागल्या दाराने येऊ नये.

आता उपाय. कुणी म्हणेल, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आंघोळीला कुठले आणता? खरे आहे. पाणी थोडे असेल तर ते डोक्यावर ओतून संपवू नका. तांब्या-दोन तांबे पाण्यात काखा, जांघा आणि पायांची बोटे साबणाने धुवा, आणि पुसून अगदी कोरडी करा. ओल राहिली की जंतूंची सोय झाली. काखेतले केस कात्रीने बारीक केले तर घाम कमी साचतो. ओल्या काखेवर तुरटीचा खडा फिरवण्याची जुनी युक्तीही चांगली; मात्र कातडी सोललेली असेल तर नको. लिंबू चोळणे, खायचा सोडा फासणे याने काखा लाल होऊन चुरचुरतात. अत्तराचे तर विचारूच नका. घामावर अत्तर चढवले की तिसराच काही वास निघतो.

पॉलिएस्टरचा गणवेश टिकतो, लवकर वाळतो; पण घामाचा वास तो सुती कापडापेक्षा अधिक धरून ठेवतो. शाळेने गणवेश ठरवताना हे पाहावे. एकच सदरा असेल, तर संध्याकाळी निदान त्याच्या काखा साबणाने धुऊन, उलटा करून वाळत घालावा.

एवढे करूनही वास जात नसेल तर? मग तो येतो कुठून ते पाहायचे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर त्याने नाकात चिंचोका, वाटाणा असे काही घातले असण्याचा संभव मोठा. घरी चिमट्याने काढू नका, ते आत सरकते, डॉक्टरांकडे न्या. किडका दात, वाहणारा कान यांचेही तसेच. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, तहान फार लागते, लघवी सारखी होते, मूल वाळत चालले आहे आणि त्यात उलट्या, अशी चिन्हे दिसली तर तो मधुमेह असू शकतो. तेव्हा तासाचाही उशीर करू नका.

एक विकार दुर्मिळ आहे. रोज दोनदा न्हाऊनही घामाला, श्वासाला कुजक्या मासळीसारखा वास येतो. मासे, अंडी, कलेजी अशा अन्नापासून आतड्यात ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य बनते. आपले यकृत त्याचा वास मोडते. या माणसांच्या यकृताला जन्मापासून ते पुरते साधत नाही. लघवीच्या तपासणीने हा विकार ओळखता येतो. तो मुळापासून जात नाही, पण आहार बदलून वास पुष्कळ कमी होतो. मात्र आपल्याच मनाने पोराची अंडी बंद करू नका. वाढत्या अंगाला ती हवीत.

गुरुजींनी काय करावे? वयात येण्याचा हा धडा सातवीच्या साऱ्या वर्गाला एकदम सांगावा, म्हणजे बोट कुणा एकाकडे जात नाही. मग ज्याला सांगायचे त्याला एकट्याला, शाळा सुटल्यावर. "बाळ, या वयात सगळ्यांचेच असे होते, मी सांगतो तसे कर," एवढे पुरे. त्याला मागच्या बाकावर मात्र धाडू नका. घरी साबण आहे का, हेही विचारा; पुष्कळदा नसतो. शाळेच्या नळाजवळ एक वडी ठेवली तर किती खर्च येणार? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासणीला येतील, तेव्हा वास किती दिवसांपासून येतो, कुठून येतो, काय खाल्ल्यावर वाढतो, हे कागदावर लिहून मुलाला त्यांच्यापुढे न्या. तो कागद वर्गात वाचू नका.