वाद्यवृंदाचा धनी कोण?

युरोप-अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांत ८०-९० कलावंत एकाच वेळीं रंगपीठावर बसलेले असतात. व्हायोलिनवाल्यापासून नगारा वाजविणारापर्यंत प्रत्येकाचा पोटापाण्याचा धंदा तोच. हा खर्च केवळ तिकिटांच्या विक्रीवर भागत नाहीं. याचें कारण विल्यम बौमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केलें. गिरणींत नवें यंत्र आलें कीं तोच मजूर पूर्वीच्या कितीतरी पट कापड काढतो. परंतु चौघांनीं वाजवावयाच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वीं जितकीं माणसें व जितका वेळ लागे, तितकाच आजहि लागतो. वेतन मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढवावें लागतें. लय दुप्पट करून पगार वांचविण्याची सोय या धंद्यांत नाहीं!

तेव्हां तूट म्हणजे गैरकारभारच, असें समजणें अन्यायाचें होईल. खरा वाद आहे तो तूट भरणाराच्या अधिकाराचा. बोस्टन येथें हेन्री ली हिगिन्सन या पेढीवाल्या गृहस्थानें १८८१ सालीं वाद्यवृंद उभारला व १९१८ पर्यंत तूट पदरानें भरली. औदार्य थोर खरें; पण वादकांनीं संघ करावा हें या दात्यास रुचत नसे. लंडनमध्यें उलट प्रकार घडला. क्वीन्स हॉलच्या वृंदांत बदली वादक पाठविण्याची मुभा काढून घेतली गेली, तेव्हां सुमारें ४० वादक बाहेर पडले आणि १९०४ सालीं त्यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांत वादकच भागीदार, वादकच कारभारी. स्वातंत्र्य मिळालें, खात्रीचा पगार मात्र गेला.

या वादाचें अलीकडील दारुण उदाहरण मिनिॲपोलिस येथील मिनेसोटा ऑर्केस्ट्राचें. २०१२ सालीं संचालक मंडळानें वेतनांत सुमारें एक-तृतीयांश कपात मागितली. वादक म्हणाले, आधीं तिऱ्हाइताकडून हिशेब तपासून घ्या. १ ऑक्टोबर रोजीं मंडळानें टाळेबंदी पुकारली. त्याच सुमारास सभागृहाच्या नूतनीकरणावर पांच कोटि डॉलर खर्च होत होते, हें नागरिकांच्या डोळ्यांवर आल्यावांचून कसें राहील? पुढें मंडळाच्या सभांचीं टिपणें वृत्तपत्राच्या हातीं लागलीं. सरकारी मदत मागावयाच्या काळांत जमाखर्च जुळलेला दिसावा आणि वादकांशीं करार करावयाच्या वेळीं तूट दिसावी, असा विचार त्यांत आधींच झालेला होता. तूट खोटी नव्हती. पण ती केव्हां दाखवावयाची हें सोयीनें ठरविणारावर वादकांनीं विश्वास तरी कसा ठेवावा?

टाळें पंधरा महिने राहिलें. वादकांनीं स्वतःच मैफली योजिल्या. कित्येक जण दुसऱ्या गांवीं निघून गेले. वृंदसंचालक ऑस्मो व्हॅन्स्का यांनीं १ ऑक्टोबर २०१३ रोजीं राजीनामा दिला. जानेवारी २०१४ मध्यें तडजोड होऊन कपात १५ टक्क्यांवर आली, आणि त्याच वर्षीं व्हॅन्स्का परतले. मे २०१५ मध्यें हा वृंद क्यूबांतील हवाना येथें जाऊन वाजवून आला. त्या प्रवासाचा भार उचलला तो एका देणगीदार दांपत्यानें.