अळिंबीची खोली : आधी आखणी, मग पिशवी



आज आपण घरातल्या पिकाविषयी बोलणार आहोत. या पिकाला वावर लागत नाही, नांगर लागत नाही, पावसाची वाट पाहावी लागत नाही. हे पीक म्हणजे धिंगरी अळिंबी. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट असे जे आपण उकिरड्यावर टाकतो किंवा पेटवून देतो, त्यावर ही अळिंबी वाढते. साधारण दीड ते दोन महिन्यांत एका पिशवीचा सगळा हिशेब पुरा होतो.

अळिंबी कशी लावावी, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पिशवी भरणे अवघड नाही. तरीसुद्धा गावोगाव असे दिसते की उत्साहाने सुरू केलेली खोली तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बंद पडते. पहिली खेप चांगली येते, दुसरीत हिरवी बुरशी दिसते, तिसरीत माश्या होतात, आणि मग कुलूप लागते. बियाण्याला दोष दिला जातो. पण बहुतेक वेळा दोष असतो तो जागेच्या आखणीत. म्हणून आज फक्त एवढेच बोलू : खोली कशी आखावी आणि सामान कोणते घ्यावे.

आखणीची सुरुवात खोलीपासून करू नका, बाजारापासून करा. आठवड्याला किती किलो ताजी अळिंबी तुमच्याकडून विकली जाईल? तालुक्याच्या गावी भाजीवाले किती घेतील, खाणावळ किती घेईल, आठवडी बाजारात किती खपेल, हे आधी विचारून या. ताजा माल दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. खोलीत माल आणि गिऱ्हाईक नाही, अशी वेळ आली तर सगळी मेहनत पाण्यात.

समजा, आठवड्याला १५ किलो खपेल असे दिसले. एका पिशवीत १ किलो कोरडे काड जाते. ते भिजले की साधारण ३ किलो होते. अशा पिशवीतून तीन तोडण्या मिळून अर्धा किलो अळिंबी धरा. चांगल्या व्यवस्थेत याहून जास्त येते, पण हिशेब नेहमी कमीचा करावा, म्हणजे पस्तावा होत नाही. तर १५ किलोसाठी आठवड्याला ३० पिशव्या भराव्या लागतील. त्या एकाच दिवशी भरू नका. सोमवारी १५ आणि गुरुवारी १५ अशा दोन खेपा करा, म्हणजे माल एकदम येणार नाही, रोज थोडा थोडा येईल.

आता या पिशव्या किती दिवस जागा अडवतात? भरल्यापासून १५ ते २० दिवस पिशवीत बुरशीचे पांढरे जाळे पसरते. याला उबवणी म्हणू. त्यानंतर पिशवी फाडून काढली की साधारण चार आठवडे तोडणी चालते. म्हणजे उबवणीच्या जागेत तीन आठवड्यांच्या सहा खेपा आणि तोडणीच्या जागेत चार आठवड्यांच्या आठ खेपा एका वेळी राहणार. हे आकडे घेऊनच जागा मोजायची.

बंधूंनो, आता मुख्य गोष्ट. अळिंबीला एक खोली पुरत नाही, तीन जागा लागतात. पहिली जागा काड कापण्याची, भिजवण्याची आणि उकळण्याची. ही उघड्यावर, पत्र्याच्या छपराखाली चालते. दुसरी जागा पिशव्या भरण्याची आणि उबवणीची. तिसरी जागा तोडणीची. या तीन जागा एका ओळीत असाव्यात आणि मालाची वाट एकाच दिशेने जावी. काड एका टोकाने आत येईल, अळिंबी दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल. संपलेली पिशवी पुन्हा उबवणीच्या खोलीतून न्यायची नाही. तोडणीच्या खोलीत काम केलेल्या माणसाने हातपाय न धुता पिशव्या भरायला बसायचे नाही. सकाळी आधी उबवणीच्या खोलीत पाहणी करावी, मग तोडणीच्या खोलीत जावे. उलट कधीही नाही. स्वयंपाकघर आणि गोठा यांची वाट आपण वेगळी ठेवतो ना? तसेच हे आहे.

आता मापे सांगतो, कागदावर टिपून घ्या.

तोडणीची खोली १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब धरू. त्यात बांबूच्या तीन मांडण्या उभ्या करायच्या. प्रत्येक मांडणी २ फूट रुंद, १० फूट लांब. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून १ फूट जागा मोकळी सोडा आणि दोन मांडण्यांमध्ये २ फुटांची वाट ठेवा. दाराकडे ३ फूट आणि मागे २ फूट मोकळे राहतील. प्रत्येक मांडणीला तीन कप्पे करा. पहिला कप्पा जमिनीपासून १ फुटावर, पुढचे दोन प्रत्येकी २ फुटांच्या अंतराने. सगळ्यात वरचा कप्पा ५ फुटांवर येईल, म्हणजे घरातल्या बाईमाणसालाही शिडीशिवाय हात पुरतो.

एका कप्प्यात रुंदीला दोन आणि लांबीला आठ, अशा १६ पिशव्या बसतात. म्हणजे एक कप्पा म्हणजे एक खेप. एकूण कप्पे नऊ, खेपा आठ. नववा कप्पा मोकळा राहतो. त्याला वाया गेलेली जागा समजू नका. एक खेप संपली की तो कप्पा धुऊन, चुना लावून वाळत ठेवायचा आणि नवी खेप मोकळ्या कप्प्यात मांडायची. असे फिरते चक्र ठेवले तर खोली कधीही पूर्ण बंद न करता स्वच्छ राहते. प्रत्येक कप्प्याला पिशव्या भरल्याची तारीख लिहिलेली पाटी अडकवा. मात्र कप्पे मजबूत बांधा. एका मांडणीवर दीडशे किलोच्या आसपास ओझे येते.

उबवणीची खोली लहान चालते. ८ फूट रुंद आणि १२ फूट लांब खोलीत ८ फूट लांबीच्या दोन मांडण्या, प्रत्येकीला चार कप्पे. येथे कप्प्यांमध्ये दीड फूट अंतर पुरे. आठ कप्पे होतात, सहा लागतात, दोन राखीव राहतात. पिशव्या एकमेकींना चिकटवून मात्र ठेवू नका. जाळे वाढताना पिशवीत उष्णता तयार होते. मध्ये तीन-चार बोटे हवा खेळायला जागा हवी. ही खोली अंधारी असावी, तापमान २५ अंशांच्या आसपास असावे आणि येथे पाणी मारू नये.

तोडणीच्या खोलीला तीन गोष्टी लागतात : ओल, हवा आणि थोडा उजेड.

ओल म्हणजे हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के. त्यासाठी जमिनीवर तीन-चार इंच वाळू पसरून ती ओली ठेवा. खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लावा आणि ते दिवसातून दोन-तीन वेळा भिजवा. पिशव्यांवर पाणी फवारायचे ते धुक्यासारखे, धार मारायची नाही. काडाचे कांडे फाडून पाहिले तर ओले दिसावे, पण त्यातून पाणी टपकू नये.

हवा म्हणजे काय, तर अळिंबी आपल्यासारखी श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. तो बंद खोलीत कोंडतो. म्हणून फक्त वर झरोके ठेवून भागत नाही. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवरही झरोके ठेवा. अळिंबीचा देठ लांब आणि टोपी लहान दिसू लागली, तर समजा की हवा कमी पडते आहे. पीक स्वतःच आपल्याला सांगते, आपण पाहायला हवे. सर्व झरोक्यांना आणि खिडक्यांना बारीक जाळी अवश्य लावा. पावसाळ्यात माश्या फार होतात आणि त्यांच्या अळ्या जाळे खाऊन टाकतात. दाराला दुहेरी पडदा असला तर फार उत्तम.

उजेडाचे मोजमाप सोपे आहे. खोलीत उभे राहून वर्तमानपत्र वाचता आले म्हणजे पुरे. थेट ऊन पिशवीवर पडू देऊ नका.

आता सामान पाहू. कडबा कुट्टी यंत्र घरी असेल तर उत्तम, नसेल तर भाड्याने आणा. काड दीड-दोन इंचांचे कापायचे. भिजवायला टाकी किंवा पिंप. काड रात्रभर थंड पाण्यात राहील एवढे मोठे हवे. उकळण्यासाठी २०० लिटरची दोन लोखंडी पिंपे. एका पिंपात सात-आठ किलो कोरडे काड धरा, म्हणजे एक खेप दोन पिंपांत होते. पाणी ८० अंश सेल्सिअसवर तासभर राखायचे असते. हाताच्या अंदाजाने ८० अंश कळत नाहीत, म्हणून तापमापक विकत घ्याच. खर्च वाचवायचा तर तो बांबूत वाचवा, तापमापकात नको. काड निथळायला उताराचा सिमेंटचा कट्टा करा. मूठभर काड दाबले तर तळहात ओला व्हावा, पण थेंब पडू नये, इतके निथळले की थांबा.

याशिवाय १४ बाय २२ इंची प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, वजनकाटा, आर्द्रतामापक आणि फवारणीचा पंप लागेल. बियाणे ओल्या काडाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे १५ पिशव्यांच्या खेपेला सव्वा किलोच्या आसपास. ते ताजे, पांढरेशुभ्र असावे. त्यात हिरवा-काळा ठिपका दिसला तर घेऊ नका.

पंपाविषयी मुद्दाम सांगतो. शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेला पंप कितीही धुतला तरी अळिंबीच्या खोलीत आणू नका. अळिंबी ही ताजी खायची वस्तू आहे. तिच्यासाठी पंप वेगळा, त्यावर खूण वेगळी.

दुसरी सूचना ट्रायकोडर्माची. आपल्या हरभऱ्याला, तुरीला मर रोगाविरुद्ध ही बुरशी आपली मैत्रीण आहे. पण अळिंबीच्या पिशवीवर जी हिरवी बुरशी येते ती बहुतेक वेळा हीच असते, आणि तेथे ती वैरीण आहे. म्हणून ट्रायकोडर्माची पाकिटे या खोल्यांच्या आसपास ठेवू नका, त्यांची बीजप्रक्रिया तेथे करू नका. हिरवी पडलेली पिशवी खोलीत न उघडता तशीच बाहेर नेऊन लांब खड्ड्यात पुरा.

तिसरी सूचना तुमच्या छातीची. अळिंबी टोपीच्या कडा वर वळण्याआधीच तोडा. उशीर झाला की ती बारीक पांढरी भुकटी सोडते. ती नाकातोंडात जाऊन खोकला, दमा, अंगदुखी होऊ शकते. तोडणीच्या आधी झरोके उघडा, नाकातोंडावर स्वच्छ फडके किंवा मास्क बांधा. घरात दमेकरी असेल तर राहत्या घरात ही खोली करू नका. लहान मुलांना आत झोपवू नका.

हंगामाचेही भान ठेवा. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान मानवते. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे सोपे जाते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत पीक धरण्याचा हट्ट करू नये. ते दोन महिने खोली स्वच्छ करण्यात आणि मांडण्या दुरुस्त करण्यात घालवा. छप्पर गवताचे किंवा पाचटाचे असेल तर खोली थंड राहते, पण आगीची भीती असते, म्हणून उकळण्याची चूल त्यापासून दूर ठेवा.

न खपलेला माल फेकू नका. उन्हात स्वच्छ कापडावर वाळवा. १० किलो ताज्या मालाचा सुमारे १ किलो सुका माल होतो आणि तो हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने टिकतो. संपलेल्या पिशवीतले काड गांडूळखतासाठी वापरा, प्लॅस्टिक तेवढे वेगळे काढा.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. 'आमच्याकडून बियाणे आणि सामान घ्या, तुमचा सगळा माल आम्हीच उचलू', असे सांगत कोणी दारी आले तर घाईने पैसे देऊ नका. त्यांनी आधी कोणाचा माल उचलला, त्या शेतकऱ्याच्या घरी स्वतः जाऊन विचारा. करार लेखी घ्या. आपला आठवडी बाजार आपणच पारखलेला बरा.

आणि सुरुवात वर सांगितलेल्या पूर्ण आखणीने करू नका. जागा पूर्ण आखा, पण मांडणी एकच उभी करा. पहिल्या महिन्यात ३० पिशव्या लावा. त्यांत हात बसला, माल खपला, पैसे हाती आले, की दुसरी मांडणी त्याच पैशातून उभी करा. कर्ज काढून पहिल्याच दिवशी खोली भरली, तर चूक सुधारायला वाव राहत नाही. महिलांचा बचत गट असेल तर कामाची वाटणी छान होते. मात्र पिशव्या भरणाऱ्या आणि तोडणी करणाऱ्या त्या दिवसापुरत्या वेगळ्या ठेवा.

प्रशिक्षण घेतल्याशिवाय उतरू नका. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचे केंद्र आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची आणि बियाण्याची चौकशी करा. हिमाचल प्रदेशात सोलन येथे १९८३ साली अळिंबीचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, ते आज अळिंबी संशोधन संचालनालय म्हणून काम करते. तेथील शास्त्रज्ञांचे ज्ञान याच केंद्रांमार्फत आपल्यापर्यंत पोहोचते.

तर बंधू-भगिनींनो, आज रात्री एक कागद घ्या. त्यावर घराची, छपराची, दाराची आकृती काढा. काड कोठून येईल आणि अळिंबी कोठून जाईल, ती वाट पेन्सिलीने ओढून पाहा. ती रेघ स्वतःलाच कोठे छेदत असेल तर आकृती पुसा आणि पुन्हा काढा. कागदावरची भिंत हलवायला पैसा लागत नाही. रेघ सरळ गेली, की मग बांबू आणायला निघा.