पाठमोऱ्या खुर्च्या

गाणें हा कानांचा विषय आहे, हें सर्वांस मान्य आहे. तथापि गायकाची निवड करण्याची वेळ आली म्हणजे कानांच्या अधिकारावर डोळे अतिक्रमण करूं लागतात. रूप, वेष, वय, उभें राहण्याची ढब यांचा निकालावर नकळत परिणाम होतो. तो टाळण्याची एक युक्ति हॉलंडमधील निर्माते जॉन डी मोल यांनीं २०१० सालीं दूरचित्रवाणीवर आणली आणि दुसऱ्याच वर्षीं ती रुमानियांत पोहोंचली. 'प्रो टीव्ही' या खासगी वाहिनीनें २०११ च्या सप्टेंबरांत 'रुमानियाचा आवाज' या नांवाची स्पर्धा सुरू केली आणि डिसेंबरांत तिचा पहिला विजेता ठरला.

रुमानियाला केवळ आवाजावरून गायक ओळखण्याची संवय नवी नव्हती. तेथील रेडिओ १९२८ सालीं सुरू झाला. लोकगीतांची विख्यात गायिका मारिया तानासे १९३८ सालीं रेडिओवरून गाऊं लागली, तेव्हां तिचा चेहरा न पाहतांच असंख्य घरांनीं तिला आपली मानलें. दूरचित्रवाणी १९५६ च्या अखेरच्या दिवशीं आली आणि गाण्याबरोबर चेहराहि घरांत शिरला. १९६८ सालीं ब्राशोव्ह शहरांत 'सुवर्णमृग' हा आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव भरूं लागला व देशोदेशींचे गायक तेथें आले. परंतु १९७१ नंतर तो बंद पडला. त्यानंतर चाउशेस्कूच्या अमदानींत, १९७६ पासून, 'रुमानियाचें गान' हा राष्ट्रव्यापी महोत्सव सुरू झाला. कामगार, शेतकरी, विद्यार्थी असे असंख्य लोक त्यांत गाण्यास उभे राहिले; पण राष्ट्राची व राष्ट्रनेत्याची स्तुति हाच त्यांतील मुख्य सूर होता. १९८५ सालीं दूरचित्रवाणीचा दुसरा कार्यक्रम बंद झाला आणि पहिला संध्याकाळच्या सुमारें दोन तासांवर आला. अखेर २२ डिसेंबर १९८९ रोजीं बुखारेस्टची जनता दूरचित्रवाणीच्या इमारतींत शिरली. नट इयोन कारामित्रू व कवि मिर्चा दिनेस्कू यांनीं पडद्यावरून राजवट कोसळल्याची वार्ता दिली. ज्या देशानें हें सर्व अनुभविलें, तेथें 'आवाज' हा शब्द निव्वळ करमणुकीचा राहत नाहीं.

स्पर्धेची रचना सोपी होती. लोरेदाना ग्रोझा, होरिया ब्रेन्चू, मारिउस मोगा व स्मायली या नांवानें प्रसिद्ध असलेला आंद्रेई मारिया असे चार कलावंत मोठ्या खुर्च्यांत रंगमंचाकडे पाठ करून बसत. उमेदवार गाऊं लागे. आवाज पसंत पडला कीं परीक्षकानें कळ दाबावी, म्हणजे खुर्ची गरकन फिरे आणि गाणाऱ्याचें प्रथम दर्शन होई. एकानेंहि कळ दाबली नाहीं तर उमेदवार स्पर्धेबाहेर जाई. परंतु एकाहून अधिक खुर्च्या फिरल्या तर निवडीचा हक्क उमेदवाराकडे येई. मग नामांकित कलावंत त्या अनोळखी गायकाची मनधरणी करीत आणि गायक आपला गुरु निवडी. विद्यार्थ्यानें गुरूच्या दारीं तिष्ठत राहावें, या जुन्या संकेताची येथें क्षणभर उलटापालट होत असे आणि प्रेक्षकांस तीच सर्वांत अधिक आवडे.

या युक्तीला संगीताच्या गंभीर क्षेत्रांतहि आधार आहे. अमेरिकेंतील बॉस्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदानें १९५२ सालींच उमेदवारांस पडद्याआड बसवून वाजवावयास सांगण्याची पद्धत अवलंबिली होती. पडद्यामागची व्यक्ति पुरुष कीं स्त्री, प्रतिष्ठित कीं अप्रसिद्ध, हें न कळतां वादन ऐकावें, हा तिचा हेतु. तेथें परीक्षा पडद्याच्या न्यायानें होई. रुमानियांतील स्पर्धेंत हा न्याय कितपत टिकला, हा खरा विचारणीय प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी कीं डोळे झांकलेले होते ते फक्त चौघांचे. घरीं बसलेला प्रेक्षक पहिल्या स्वरापूर्वींच उमेदवारास पाहत असे. त्याचें घर, त्याची आई, पडद्यामागें थांबलेला त्याचा मित्रपरिवार, हें सर्व छायायंत्र त्याला दाखवीत असे. दुसरी गोष्ट, या पाठमोऱ्या खुर्च्यांपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं उमेदवारांची एक प्राथमिक निवड झालेली असे आणि तेथें निवडणारांना डोळ्यांची मनाई नव्हती. तिसरी गोष्ट, प्रत्येक गुरूच्या संघांतील जागा मोजक्या असत. आरंभीं येणाऱ्या गायकाला चार रिकामे संघ मिळत. शेवटीं येणाऱ्याचा आवाज तितकाच चांगला असला तरी त्याच्यासाठीं एखादीच जागा उरलेली असे. आणि पुढील फेरींत एकाच संघांतील दोघांना एकच गाणें समोरासमोर उभें करून गावयास लावीत व गुरूला त्यांतील एकास घालवावें लागे. तेथपासून खुर्च्या रंगमंचाकडे वळलेल्या असत.

अखेरच्या फेऱ्यांत प्रेक्षकांच्या मतास महत्त्व आलें. दूरध्वनीनें व संदेशांनीं मतें पडलीं आणि स्मायलीच्या संघांतील श्तेफान स्तान विजयी झाला. त्याच्या गुणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मात्र आरंभीं आवाजाला जी संधि चेहऱ्यावांचून मिळाली, तिचा शेवट चेहरा पाहून झालेल्या मतदानांत झाला, हें नमूद केलें पाहिजे. यांत कोणाची लबाडी नव्हती. दूरचित्रवाणी हें दाखविण्याचें साधन आहे. तिच्याकडून सबंध हंगामभर आंधळ्या न्यायाची अपेक्षा करणें म्हणजे आरशानें डोळे मिटावे असें म्हणण्यासारखें आहे.

तरीहि तीं पहिलीं दोनएक मिनिटें व्यर्थ गेलीं असें म्हणतां येणार नाहीं. जाड, बुटका, प्रौढ, लाजाळू असा कोणीहि गायक तेवढा वेळ केवळ स्वराच्या बळावर उभा राहूं शकला. ज्या देशांत दीड तपाहून कमी नव्हे इतका काळ स्तुतिगान हेंच मान्य गान होतें असें वडीलधारी माणसें सांगत, त्या देशांतील मुलांना आपल्या आवाजानें अनोळखी माणसाची खुर्ची फिरवितां येते, हें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. अशा स्पर्धांनीं गायक किती घडतात, याचा हिशेब पुढील वर्षांचें संगीतच करील. घरोघरच्या ऐकणारांना मात्र एक प्रयोग लगेच करण्याजोगा आहे: पडदा सुरू असतांनाच डोळे मिटून गाणें संपेपर्यंत ऐकावें, आपलें मत ठरवावें आणि मगच डोळे उघडावे. मत बदललें, तर तें कानांनीं बदललें कीं डोळ्यांनीं, याचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावें.