हत्तीच्या बदल्यात अ‍ॅशट्रे

1967 सालची गोष्ट. एअर इंडियाचा कारभार तेव्हा मुंबईतून चाले. आपल्या खास प्रवाशांना भेट द्यायला कंपनीनं साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराकडून चिनी मातीचा अ‍ॅशट्रे करून घेतला. मोबदला काय मागितला असेल? हत्तीचं पिल्लू! कंपनीनंही ते दिलं. बेंगळुरूहून जिनिव्हापर्यंत विमानानं आणि पुढं ट्रकनं पिल्लू स्पेनमधल्या दालीच्या कादाकेस गावी पोहोचलं.

अ‍ॅशट्रे होता शिंपल्यासारखा. कडेनं साप, खाली टेकूला हंस आणि हत्तीचं मस्तक. हत्ती उलटा धरला की हंस दिसे, हंस उलटा धरला की हत्ती. 1937 मधल्या एका चित्रात दालीनं तळ्यातल्या हंसांची प्रतिबिंबं हत्तींची काढली होती. तीस वर्षं मनात घोळलेली कल्पना गडी सिगारेटच्या राखेखाली ठेवून मोकळा झाला!

त्याचे चाळे पुष्कळ. 1936 मध्ये लंडनला पाणबुड्याचा पोशाख चढवून भाषणाला उभा राहिला आणि आत गुदमरला. 1955 मध्ये पॅरिसला व्याख्यानाला आला तो फ्लॉवरचे गड्डे भरलेल्या रोल्स रॉइसमधून. अतिवास्तववादी चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ यानं दालीच्या नावातली अक्षरं फिरवून ‘आविदा डॉलर्स’, म्हणजे डॉलरांचा हावरा, असं नाव पाडलं. टोमणा अगदीच खोटा नव्हता. पुढं दालीनं कोऱ्या कागदांवर ढिगानं सह्या ठोकल्या; त्याच्या नावावरच्या छापील चित्रांकडे आजही संशयानंच बघावं लागतं.

मात्र मला विचाराल, तर हा तमाशा गिऱ्हाइकांसाठी. कुंचला हातात घेतला की माणूस कमालीचा शिस्तीचा. वितळत्या घड्याळांचं ते 1931 मधलं चित्र न्यूयॉर्कला आहे. आकार 24 बाय 33 सेंटिमीटर, जेमतेम फुलस्केप कागदाएवढा! मागचे कडे त्याच्या गावाजवळच्या किनाऱ्याचे, अगदी ओळखू येण्याजोगे. ते दृश्य आधीच रंगवून झालं होतं. एका रात्री डोकं दुखतंय म्हणून तो घरीच राहिला, त्याची जोडीदार गाला सिनेमाला गेली. जेवणानंतर समोर मऊ पडून ओघळणारं कामांबेर चीज. ते बघता बघता घड्याळं सुचली आणि त्याच रात्री चित्रात आली, असं तो स्वतः सांगे. डाव्या कोपऱ्यातल्या नारिंगी घड्याळावरच्या मुंग्या जरूर बघा. एकेक मुंगी सुटी दिसते.

फिगेरेस या जन्मगावी 1974 मध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. 1989 मध्ये तिथंच त्याला पुरलं. एका बाईनं आपण त्याची मुलगी असल्याचा दावा केला होता, म्हणून 2017 मध्ये कोर्टाच्या हुकमानं थडगं उघडावं लागलं. मिशी शाबूत होती, टोकं घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखी वर. दावा मात्र तपासणीत टिकला नाही.