सैल झालेली बिजागरी

गोरेगांवांत पावसाळ्यांत सरासरीनें २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेनें दाराचें लांकूड फुगतें. हिवाळ्यांत तेंच आकसतें. या ओढाताणींत बिजागरीच्या स्क्रूभोंवतींचे तंतू झिजतात आणि एके दिवशीं दार खालीं घासूं लागतें. घरधनी पेचकस फिरवितात. स्क्रू नुसता गरगरतो. मग अधिक जाड स्क्रू बसविण्याचा मोह होतो. त्यानें पुष्कळदां चौकटच चिरते.

दोष भोंकाचा असतो. तेंच भरून काढावें. दाराखालीं पाचर देऊन भार उचलावा, स्क्रू काढावा, भोंक कोरडें करावें. गुल काढलेल्या आगपेटीच्या काड्या सरसांत बुडवून त्यांत घट्ट बसवाव्या. जुन्या पद्धतीचा प्राणिज सरस ओलाव्यानें सुटतो, म्हणून पाण्याला दाद न देणारा घ्यावा. रात्रभर वाळल्यावर वर आलेलीं टोंकें पटाशीनें छाटावीं, गिरमिटानें बारीक छिद्र पाडावें आणि आट्यांना मेण लावून स्क्रू हातानेंच आवळावा. गंजलेला स्क्रू पुनः वापरूं नये.

बोटानें दाबतां लांकडाचा भुसा होत असेल, तर सुतारालाच बोलवावें. निखळलेल्या दाराखालीं प्रथम सांपडतात तीं लहान मुलांचीं बोटें. तेव्हां हें काम पुढच्या रविवारावर ढकलूं नये.