अहवालाखालची सही



न्यायव्यवस्थेत मानसशास्त्रज्ञ काय करतो असं कुणाला विचारलं, की त्याला कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आठवते, नार्को आठवते, लाय डिटेक्टर आठवतो. या चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सेल्वी खटल्यात सांगितलं. तरी बातम्यांना त्यांचं आकर्षण आहेच. मला आज बोलायचंय ते भिवंडीच्या निरीक्षणगृहातल्या मुलाला भेटून आपण मानसशास्त्रज्ञ बाल न्याय मंडळाला जो अहवाल देतो, त्याबद्दल.

बाल न्याय कायदा 2015 चं कलम 15 आपल्याला पाठ आहे. मुलगा 16 ते 18 वर्षांचा, गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा. मंडळाला चार गोष्टी ठरवायच्या असतात: असा गुन्हा करण्याची त्याची मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचं सांगितलं जातं ती परिस्थिती. मुदत तीन महिने. गुन्हा त्याने केला की नाही, हा प्रश्न या टप्प्यावर नसतोच. आणि या मूल्यमापनावर ठरतं, की मुलाचा खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवायचा का.

एवढ्या मोठ्या निर्णयाला आपण काय पुरवतो? बहुतेक वेळा बुद्ध्यांकाचा एक आकडा. मालिन यांनी नागपुरात बसवलेली बुद्धिमापन चाचणी चांगली आहे, पण तिची वयोमर्यादा सोळाव्या वर्षाआधीच संपते, आणि कलम 15 तिथूनच सुरू होतं. मग आपण बिने-कामत चाचणी काढतो. वि. वि. कामतांचं काम थोर, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी ती चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी केली, तीही स्वातंत्र्यापूर्वी. समोर बसलेला मुलगा घरी भोजपुरी बोलतो, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलाय आणि शाळा त्याने केव्हाच सोडलीय. त्याच्या आकड्याखाली सही करताना हात थोडा अडखळायला हवा.

एक प्रसंग सांगतो. मुलाची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. ‘चोरी करणं वाईट का?’ या प्रश्नावर त्याने लगेच ‘हो सर’ म्हटलं. तसं सगळीच मुलं म्हणतात. त्याच्या प्रकरणाशी संबंध नसलेली एक गोष्ट मी त्याच्यापुढे ठेवली. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर कुणी फटका मारला, तर काय काय होऊ शकतं? तो म्हणाला, ‘मोबाइल पडतो.’ आणि माणूस? ‘माणूस नाही पडत सर, मोबाइलच पडतो.’ कळवा-मुंब्रा पट्ट्यातून रोज प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको, की माणूस पडतो. हे उत्तर एकटं धरून निष्कर्ष काढता येणार नाही, हे खरं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर मंडळाला हवंय, तिथे पोहोचण्याची वाट अशा बोलण्यातून जाते. बुद्ध्यांक त्या वाटेला लागतच नाही. आणि हे बोलणं पहिल्या बैठकीत होत नाही. तेव्हा मूल आपल्याला साध्या वेशातला पोलीसच समजत असतं.

13 जुलै 2022 रोजी गुरुग्रामच्या शाळेतील खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे मूल्यमापन वरवर उरकू नये, असंच बजावलं. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक ठरवलं. म्हणजे जबाबदारी आपल्या दारात आली.

पुण्यात मे 2024 च्या पोर्शे अपघातानंतर सारा महाराष्ट्र या कायद्यावर तावातावाने बोलला. त्यातल्या आरोपी मुलाला प्रौढ धरण्याची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. लोकांचा संताप मी समजू शकतो. दोन तरुण जीव गेले होते. पण त्या फाइलवर साऱ्या राज्याचं लक्ष होतं. भिवंडीच्या फाइलवर कुणाचं असतं? तिथे अहवालातली एक निष्काळजी ओळ कुणी उलटतपासणीत पकडेलच याची खात्री नाही. म्हणून ती लिहिणाऱ्यानेच स्वतःला अडवायला हवं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. एका बैठकीत, घर न पाहता, आईशी न बोलता, मुलाच्या भाषेचा दुभाषी नसताना अहवाल मागितला, तर आपण मंडळाला लेखी कळवून वेळ मागायचा. चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, कोणत्या वयाच्या निकषांवर ताडली, हे अहवालातच लिहायचं. मूल घटनेबद्दल काही बोलून गेलं, तर ते कबुलीजबाब म्हणून कागदावर उतरवायचं नाही. आणि जे कळलं नाही, ते ‘कळलं नाही’ असंच लिहायचं. मंडळ नाराज झालं तरी.

जेवणानंतरच्या सत्रात या मुद्द्यांचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. प्रत्येक मंडळाला पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञाचं पद मिळावं, ही सरकारकडची मागणीही त्यात आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो जरूर नोंदवावा, मात्र निघून जाऊ नये. ठरावाखाली प्रत्येकाचं नाव लागणार आहे.