म्हशीच्या पाठीवरची कविता



साहित्य संमेलनाचा स्वागताध्यक्ष साहित्यिकच असावा असं काही नाही; मांडव आणि जेवणावळीचं बघणारा असला की भागतं. मी त्यातलाच. म्हणून साहित्यावर न बोलता आमच्या कागल गावच्या एका पोराबद्दल बोलतो.

लेखक आनंद यादव इथं 1935 साली जन्मले. घरात खायची ओढाताण, आणि पोरानं शाळा शिकावी हे बापाला मंजूर नव्हतं. आई गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडं रदबदलीला गेली, तेव्हा कुठं शाळा मिळाली. तीही अटीवर: अकरापर्यंत मळ्यात राबायचं, शाळा सुटली की गुरं राखायची.

वर्गात मराठीला सौंदलगेकर मास्तर. कविता चालीवर म्हणत, हातवारे करून शिकवत, स्वतःही लिहीत. त्यांनी आपल्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केली. पोरानं ती वाचली आणि वेल तर त्यानं पाहिलेलाच होता! कवीसुद्धा आपल्यासारखा हाडामांसाचा माणूस असतो, हे तेव्हा त्याला उमगलं. मग पाणी पाजता पाजता कविता सुरू झाल्या. जवळ कागद नसला की काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या. म्हशीची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं ‘झोंबी’ या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत आहे, तिला 1990 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘गोतावळा’त तर नारबा गडी अख्खी कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. पण पुरस्कारांपेक्षा मला यादवांचं मास्तरपण मोठं वाटतं. पुणे विद्यापीठात शिकवत असतानाच त्यांनी ग्रामीण साहित्याची चळवळ उभी केली, खेड्यातल्या पोरांना लिहितं केलं. 2009 साली महाबळेश्वरच्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दुसऱ्या एका कादंबरीवरच्या वादापायी सोडावं लागलं. तो वाद आज उकरायचा नाही, पण त्यांच्याच गावात उभं राहून ते गाळणंही बरं दिसत नाही.

पाहुण्यांना एकच विनंती. मांडवात मागं शाळेची पोरं वह्या घेऊन बसलीत. नुसत्या सह्या देऊन सुटू नका. वह्या वाचा, चुकलं असेल तिथं सांगा. जेवायला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, आचाऱ्याशी मी बोललोय.